रोज बसणाऱ्यांची सावली

प्रयोगशाळेत भर दुपारी लाल अंधार होता. फोटो धुण्याच्या जुन्या खोल्यांत असायचा तसला. डॉ. अच्युत सरपोतदार आत आले आणि पहिल्याच पावलाला स्टुलावर आदळले.

"इरावती, तुझ्या या अंधारात एखादा म्हातारा पडून राहिला, तर कुणाला पत्ताही लागायचा नाही."

"दगडाला लागेल, सर," डॉ. इरावती टेंबे हळू आवाजात म्हणाली. तिचा आवाज नेहमीच असा, देवघरात बोलल्यासारखा. "पण त्यासाठी रोज त्याच जागी पडावं लागेल."

सरपोतदार हसले. इरावती त्यांची विद्यार्थिनी. कोकणातल्या खारवळे बंदरावरच्या समाधिगुंफांवर त्यांनी उभं आयुष्य घालवलं होतं. किनारा संरक्षण मंडळाने त्या गुंफांबाबतचा शेवटचा शब्द त्यांच्याच अहवालावर सोडला होता.

"आता मला शाळकरी पोर समज आणि सांग," ते चाचपडत स्टुलावर बसले. "मंडळातले लोक अभियंते आहेत. अहवाल त्यांना समजला पाहिजे."

इरावतीने टेबलावरचा काळ्या कातळाचा तुकडा त्यांच्या हातात दिला. "कातळात फेल्डस्पारचे बारीक स्फटिक असतात. प्रत्येक खडकात अगदी मंद किरणोत्सर्ग चालू असतो. त्याच्या धक्क्याने इलेक्ट्रॉन सुटतात आणि स्फटिकांतल्या खाचांत अडकून बसतात. अंधार जितका जुना, तितके अडकलेले जास्त. याला आम्ही अंधारसाठा म्हणतो."

"आणि उजेड पडला की?"

"अडकलेले सुटतात, साठा रिकामा होतो. आधी पृष्ठभागावरचा, मग आतला. समईसारखा मिणमिणता उजेड असेल तर दगडात नखभर शिरायला शतकं लागतात. पण शिरतो. माझा छायावाचक भिंतीवर अवरक्त किरण टाकतो आणि कुठे किती खोलवर साठा रिकामा झालाय ते मोजतो. उजेड जिथे पोचला नाही, तिथे साठा भरलेलाच राहतो. थोडक्यात, रोज एकाच जागी दिवा लावून एकाच जागी कुणी बसलं असेल, तर त्याची सावली भिंतीच्या आत शिल्लक असते."

"आणि पर्यटक? त्यांचे टॉर्च?"

"एकदा आलेल्याचं दगडाच्या लक्षात राहत नाही, सर. राजा असला तरी. त्याला फक्त रोजचं माणूस कळतं."

सरपोतदारांनी तो तुकडा हातात फिरवला. मग हळूच म्हणाले, "हे तू शेवंतीबाईंसाठी करते आहेस."

इरावतीने टेबलावरचे बाकीचे तुकडे डबीत भरायला घेतले.

खारवळ्याला समुद्राच्या कड्यात सात समाधिगुंफा होत्या. समुद्र चढत चालला होता, खारट दमटपणाने कातळाच्या पापड्या सुटत होत्या. म्हणून मंडळाने गुंफांच्या तोंडांवर क्षारकवच बसवायला घेतलं होतं. जाड, पारदर्शक, हवाबंद दारं. सहा गुंफा बंद झाल्या होत्या. सातवीत मात्र रोज तिन्हीसांजेला दिवा लागायचा. शेवंती खवळे ही गावची दिवेकरीण. दार बसलं की दिवा कायमचा विझणार होता. कायद्यात एकच पळवाट होती. स्थळ घडल्यापासून अखंड चालत आलेली रीत स्थळाचाच भाग मानली जाते, ती कुणाला थांबवता येत नाही. गावाचं म्हणणं, दिवा गुंफेइतकाच जुना. कागदावर मात्र त्याचा कुठेच उल्लेख नव्हता.

"मला गावाचं वाईट करायचं नाही," सरपोतदार म्हणाले. "पण तेलाच्या काजळीने दगड खराब होतो. हा दिवा पन्नास वर्षांपूर्वी कुणी हौसेने सुरू केलेला असेल, तर त्याच्यासाठी मी दोन हजार वर्षांची गुंफा घालवणार नाही. दिवा जुना असल्याचं तू एक वेळ दाखवशील. अखंड कशावरून? मधे दोनशे वर्षं बंद पडला असेल तर?"

"मधे बंद पडला असता तर बसायची नेमकी जागा विसरली गेली असती. नव्याने लावणारी वीतभर इकडे बसली असती, वीतभर तिकडे. मग दोन सावल्या एकमेकींत मिसळून नुसता धूसर डाग उरला असता. बैठकीची कड स्वच्छ आली, तर जागा हातोहात पुढे दिली गेली असंच म्हणावं लागेल."

सरपोतदारांनी तुकडा टेबलावर ठेवला. लाल अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

"कसोटी चोख आहे," ते अखेर म्हणाले. "मान्य. मी दोन वाचनांची परवानगी देतो, जास्त नाही. कारण तुझं ते यंत्र..."

"हो," इरावती म्हणाली. "इलेक्ट्रॉन मोजायचे तर सोडवावे लागतात. जी भिंत वाचली, ती पुसली गेली."

*

खारवळ्याला ओहोटीच्या वेळी जुनं बंदर पाण्याबाहेर येतं. शेवंतीने पहिल्याच दिवशी इरावतीला तिथे फिरवून आणलं. घडीव दगडांचा धक्का, त्यावर कालवांचे थर, तारवं बांधायचे भोक पाडलेले खांब. दोरखंडांनी त्या भोकांच्या कडा घासून गुळगुळीत झाल्या होत्या. इरावतीने एका भोकात बोट फिरवलं. शेवंती कमरेवर हात देऊन बघत होती. चाळिशी ओलांडलेली, उन्हाने रापलेली, सुक्या मासळीचा धंदा करणारी बाई.

"जपान चला, डॉक्टरबाय. शेवाळावरसून घसरलात तर थेट अरबस्तानात."

धक्क्याच्या वर कड्यात गुंफांची ओळ होती. सहांच्या तोंडांवर नवी दारं चकाकत होती. सातव्या दाराचे भाग खाली वाळूत रचून ठेवलेले होते, आणि गावच्या बायकांनी त्यांवर बांगडे वाळत घातले होते.

"मंडळाच्या सायबान बघल्यान तर बोंब मारतलो," शेवंती म्हणाली. "पण जागा बरी. वारो लागता."

सातव्या गुंफेत शिरायची वाट बोळासारखी वळणाची होती. दिवसाचा उजेड आत पोचतच नव्हता. समुद्र दिसत नसे, पण त्याची गाज भरून असे. आत एक चौकोनी दालन. जमिनीत कोरलेली वाटीएवढी दगडी पणती. मागच्या भिंतीत समाधी, म्हणजे नुसती एक उंच, रुंद, सुबक कोरलेली चौकट. चौकटीत काही नव्हतं. गुळगुळीत घासलेला कोरा कातळ. खालचा अस्थींचा कोनाडाही रिकामा. सरपोतदारांचा गाजलेला सिद्धान्त याच चौकटीवर होता: मूर्ती कोरायची राहून गेली, बंदर ओस पडलं, शिल्प अपुरं राहिलं.

इरावतीने जागा ठरवायला फार वेळ घेतला नाही. समाधीसमोर दिवा, दिव्यासमोर माणूस. म्हणजे माणसाची पाठ दाराकडे आणि सावली दाराच्या आतल्या बाजूच्या भिंतीवर. ती भिंत तिने वाचायला घेतली. लाल दिवा लावून, यंत्राची चौकट हळूहळू सरकवत, सकाळपासून दुपारपर्यंत.

आलेख पडद्यावर आला तेव्हा तिने तो दोनदा तपासला. भिंत सगळीकडे सारखी रिकामी होती. खोलवर, पार बोटाच्या पेरापर्यंत. सावली कुठेच नव्हती.

दूरपडद्यावर सरपोतदारांनी आलेख पाहिला. "खोली जबरदस्त आहे. दिवा गुंफेइतका जुना आहे हे मी आजच लिहून देतो. पण पोरी, सावली नाही. म्हणजे बसणाऱ्यांचा ठिकाणा नाही. कुणी इथे बसलं, कुणी तिथे. अखंडता यातून सिद्ध होत नाही."

"एक वाचन बाकी आहे, सर."

"बाजूच्या भिंतीचं करशील? कर. पण अहवाल थांबणार नाही. दार बसवणारे परवा येतायत."

तिन्हीसांज होत आली. इरावतीचा एक नेम होता. लहानपणी आईबरोबर धरलेला, कुठल्याही मोहिमेत न चुकलेला. सूर्य मावळताना पितळेचं छोटं निरांजन लावायचं, स्तोत्र म्हणायचं, मगच पाण्याचा घोट घ्यायचा. खारवळ्यालाही ती या वेळी विश्रामगृहातल्या खोलीत असायची. म्हणून ज्या दिव्यासाठी ती आली होती, तो लागताना तिने एकदाही पाहिला नव्हता.

आज मात्र शेवंतीला काय सांगायचं या विचाराने तिला खोलीत बसवेना. पिशवीत निरांजन टाकून ती कड्याकडे निघाली.

गुंफेत दिवा नुकताच लागला होता. इरावती बोळाच्या वळणावरच थबकली. तिच्यासमोर दिव्याची ज्योत होती आणि ज्योतीपलीकडे शेवंतीचा चेहरा. शेवंती समाधीला पाठ करून बसली होती. तिचं तोंड दाराकडे होतं, समुद्राच्या गाजेकडे.

आणि तिच्या मागे, त्या कोऱ्या चौकटीत, तिची काळी सावली.

"शेवंतीताई," इरावतीने हाक मारली, "तुम्ही अशाच बसता? रोज?"

"मग कशी बसू? डोक्यावर?"

"समाधीला पाठ करून?"

"ही समाधी दर्यात गेलेल्यांची," शेवंती ज्योत सारखी करत म्हणाली. "आत कोण नाय, हाडूक पण नाय. परत येतले तर दर्यातसून येतले, भिंतीतसून काय येतले? वाट बघूक तोंड वाटेकडे होया. आवशीन असाच शिकयल्यान."

इरावती तिथेच जमिनीवर बसली. देवाला पाठ करून कुणी बसेल हे तिच्या मनातच आलं नव्हतं. म्हणून तिने विचारलं नव्हतं. शेवंतीला ते सांगावंसंही वाटलं नव्हतं, कारण दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने बसायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. दोघी आपापला नेम पाळत होत्या, एकाच वेळी, कड्याच्या दोन टोकांना.

मग तिने निरांजन काढलं. शेवंतीने ते पाहिलं आणि आपल्या जागेवरून न हलता डावीकडे हात दाखवला. "हयसर बसा. नवीन माणूस डावीकडे."

स्तोत्र संपलं तेव्हा इरावतीला खरी अडचण आठवली. ती शेवंतीला सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नव्हतं.

"या चौकटीत तुमच्या सगळ्यांची सावली असणार. तुमची, आईची, तिच्या आईची, गुंफा कोरली तेव्हापासूनची. माझ्या यंत्राने ती दिसेल. पण दिसता दिसता पुसलीही जाईल. चित्र माझ्या पडद्यावर राहील, दगडात राहणार नाही. थोडीच वाचू म्हटलं तरी जमत नाही, किरण आत पसरतात."

"आवशीची पण पुसतली?"

"हो."

शेवंतीने मान वळवून भिंतीकडे पाहिलं. तिला तिथे फक्त आपलीच सावली दिसत होती. तिने एकदा तळहात चौकटीच्या गुळगुळीत दगडावर ठेवला आणि काढून घेतला.

"आणि नाय वाचलास तर?"

"तर परवा दार बसेल. सावली आत सुरक्षित राहील. दिवा लागणार नाही."

"मग पुसा," शेवंती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज बाजारात भाव सांगावा तसा होता. "आवशीन माका बसूक शिकयल्यान. भिंत राखूक नाय सांगल्यान."

*

दुसऱ्या दिवशी सरपोतदार स्वतः आले. त्यांच्यासमोरच वाचन सुरू झालं. लाल उजेडात यंत्र वरून खाली सरकत होतं आणि पडद्यावर एकेक ओळ उमटत होती. सरपोतदार नाकावर चष्मा चढवून उभे, इरावती हात जोडून, आणि शेवंती बोळाच्या तोंडाशी पदराचं टोक चावत.

आधी वरचा भाग आला. तिथे फिकट, विरत गेलेली गोलाई.

"धूसर आहे," सरपोतदार म्हणाले.

"डोकं आहे, सर. कुणी उंच, कुणी ठेंगणी. विरणारच. खाली येऊ द्या."

मग खांदे आले, जरा ठळक. मग कोपर. आणि मग मांडी घातलेल्या गुडघ्यांची रेघ आली आणि सरपोतदारांनी पडद्याला नाक लावलं. ती कड धारदार होती. कडेबाहेर साठा बोटाच्या पेराइतका खोल रिकामा, आणि आत काठोकाठ भरलेला. ज्या कुणी बायका तिथे बसल्या होत्या, त्या सगळ्या एकाच जागी, एकाच तऱ्हेने बसल्या होत्या. गुंफा कोरल्या दिवसापासून.

"अखंड," सरपोतदार पुटपुटले. मग मोठ्याने म्हणाले, "अखंड आहे, शेवंतीबाई! तुमचं दार परत पाठवतो मी. वाहतुकीचं बघून घेईन."

शेवंती तिथूनच ओरडली, "दाराच्या फळ्ये ऱ्हवांदेत! बांगडे सुकूचे आसत!"

हसण्यात इरावतीचं पडद्यावरून लक्ष उडालं. पुन्हा पाहिलं तेव्हा यंत्र थांबलं होतं आणि चित्र पुरं झालं होतं. तिने ते मोठं केलं, फिरवलं, पुन्हा मोठं केलं.

"सर, ही एकटी नाही."

बसलेल्या आकृतीच्या एका बाजूला दुसरी सावली होती. लहान. तिचीही बैठक धारदार होती. वर मात्र ती पायरीपायरीने फिकी होत गेलेली, जणू एकच आकृती बुटक्यापासून उंच होत गेली होती आणि दर वेळी पुन्हा बुटक्यापासून सुरू झाली होती.

"यंत्राची चूक?" सरपोतदार म्हणाले.

"शक्य नाही. पाहुणा असता तर उमटलाच नसता. ही कुणीतरी रोज इथे बसणारी आहे. प्रत्येक पिढीत." इरावतीने वळून विचारलं, "ताई, काल तुम्ही एकट्याच होता ना?"

"काल व्हय," शेवंती जवळ आली, पडद्यावर वाकली आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला. "आता ही हय कशी इली?"

"कोण?"

"ही आमच्या कळीची जागा! माझी धाकटी. गालगुंडा आली म्हणून चार दिस घरात ठेवलंय तिका. चालूक लागल्यापासून दिवेकरणीच्या डाव्या अंगाक बसूचा, मोठा झाला की मधे सरकूचा. मी पण थंयच बसलंय. आवस पण." ती पडद्यावरच्या लहान आकृतीला बोट लावायला गेली आणि मधेच थांबली. "म्हणजे ही मी. आणि ही आवस. नाय नाय, ही पण मी. आणि ही कळी."

"सगळ्याच," इरावती म्हणाली.

सरपोतदारांनी खिशातून मोजपट्टी काढली, चौकटीची रुंदी मोजली, मग पडद्यावर दोन्ही सावल्यांची मिळून रुंदी मोजली. मग पुन्हा चौकट मोजली. वय विसरून ते गुडघ्यांवर बसले.

"या चौकटीने मला तीस वर्षं छळलं," ते म्हणाले. "एका मूर्तीला रुंद, दोघींना अरुंद. आणि मध्य जरासा उजवीकडे सरकलेला. मी लिहून मोकळा झालो, शिल्पकाराचं माप चुकलं. अरे, चुकलं काय! मोठीला मोठी जागा, धाकटीला धाकटी! आई आणि मूल, डाव्या अंगाला. त्याने पणतीची जागा आणि चौकट एकदमच आखली होती. मूर्ती कोरायची राहिली नव्हती, इरावती. ती रोज सावलीनेच बसवायची ठरली होती."

"म्हणजे तुमचं अपुरं शिल्प..."

"पुरं झालंय. रोज होत होतं. माझा सिद्धान्त गेला पाण्यात," असं म्हणून ते इतक्या मोठ्याने हसले की बोळातून गाजेबरोबर त्यांचं हसू परत आलं. "आज मी पेढे वाटणार आहे. नाहीतर तुमचे बांगडे."

*

अहवाल त्याच दुपारी गेला. संध्याकाळपर्यंत मंडळाचं उत्तर आलं. सातवी गुंफा उघडी राहील, दिवा लागत राहील, काजळी पुसायचं काम मंडळ करील. सुवासिक तेलाची एक घागर पाठवायचं आश्वासनही होतं. ते ऐकून शेवंती म्हणाली, "खोबरेल बरा. बाकीचा नको."

तिन्हीसांजेला सगळं गाव कड्यावर जमलं. ढोल वाजले, देवाला गाऱ्हाणं घातलं. दालनात मात्र नेहमीचीच माणसं जायची रीत. सरपोतदारांना मान म्हणून आत बोलावलं. इरावती बोळाच्या वळणावर निरांजन घेऊन बसली, समुद्राकडे तोंड करून. समाधीकडे पाठ आली, पण तिला त्यात काही अवघड वाटलं नाही.

चौकटीतला कातळ आता खरोखर कोरा होता. उजेड पडेल तिथे तो कोरा राहणार होता आणि सावलीत मंद गतीने पुन्हा भरत जाणार होता. पुन्हा दिसण्याजोगं चित्र व्हायला कित्येक पिढ्या लागणार होत्या. हिशेब इरावतीला पाठ होता.

शेवंतीने वात पेटवली आणि आपल्या जागी बसली. सरपोतदार भारावलेले होते. ते गुडघे सांभाळत खाली बसले आणि हात जोडून डोळे मिटले.

बोळातून धावती पावलं आली. गालांना लेप फासलेली, डोक्याला रुमाल बांधलेली एक लहान मुलगी इरावतीला ओलांडून आत शिरली आणि डॉ. अच्युत सरपोतदारांच्या समोर कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"ओ आजोबा. उठा."

त्यांनी डोळे उघडले.

"ही माझी जागा."

सरपोतदार उठले. अगदी घाईने, विद्यार्थ्यासारखे. कळी तिथे बसली, मांडी घातली, जराशी मागेपुढे सरकली आणि नेमकी स्थिर झाली. तिच्या मागे, कोऱ्या चौकटीत, आईच्या सावलीला लागून तिची छोटीशी सावली पडली. आणि आत, कातळात, भरायला सुरुवात झाली.